ट्रेलर आणलाय, आता त्याची शाकारणी कशी करायची?

गडग्यावरचा | १२ एप्रिल, रात्री १०:०५

मंडळी, नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच खेप. सांभाळून घ्या.

घर रत्नागिरीच्या जरा वर, खाडीकाठी. गेल्या महिन्यात पुण्याहून एक जुना कॅराव्हॅन-ट्रेलर घेतला, आधीच्या मालकाकडे चार वर्षांत दोनदाच फिरलेला. एक अ‍ॅक्सल, दोघांची झोपायची सोय, ओटा, सिंक, दोन बर्नरची शेगडी आणि अगदी मागच्या टोकाला ऐंशी लिटरची पाण्याची टाकी. आई त्याला ‘पेटारा’ म्हणते आणि आता घरात तेच नाव रूढ झालंय. आरटीओची नोंदणी, नंबर सगळं ट्रेलरचं वेगळं आहे. ते बघूनच पैसे दिले, त्यामुळे त्यावरून झापू नका.

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंत छान आलो. संगमेश्वर सोडल्यावर मोकळा काँक्रीटचा रस्ता लागला म्हणून पंचाहत्तरपर्यंत गेलो, तर मागून कुणी शेपूट धरून हलवावं तसा पेटारा डोलायला लागला. ब्रेक मारला तर जास्तच. हातखंब्यापर्यंत तळहाताला घाम. पुढे चाळीसच्या वर गेलो नाही, मागचे ट्रकवाले काय बोलले ते इथे लिहीत नाही.

तर प्रश्न असे. एसी, इन्व्हर्टर, टीव्ही, मागे सायकलींचा रॅक आणि ऑनिंग (दाराबाहेर उघडायचं कापडी छप्पर) एवढं बसवायचा विचार आहे, आधी काय घ्यावं? शेपूट का हलतं? आणि पावसाळ्यात हा ठेवायचा कसा? घराची शाकारणी दरवर्षी करतो, पण याची कशी करतात ते ठाऊक नाही.

आमसूल | १२ एप्रिल, रात्री १०:३१

फोटोशिवाय धागा म्हणजे माशाशिवाय कढी. पेटारा नाव लई भारी.

तिरपागडा | १२ एप्रिल, रात्री ११:१२

तेवढ्या पैशात पंधरा वर्षं प्रत्येक शनिवारी घरगुती खानावळीत सुरमई खाल्ली असतीत, वर पंखा फुकट. असो, वाचतोय.

उत्तरसमुद्र | १३ एप्रिल, पहाटे ३:४०

इकडे नेदरलँड्समध्ये बारा वर्षं कॅराव्हॅन ओढतोय, म्हणून थोडं अधिकारवाणीने. तुम्ही विचारलेल्यांत आधी दुसरं, मग तिसरं आणि पहिलं सगळ्यात शेवटी. अजून काहीही विकत घेऊ नका.

शेपूट हलतं कारण वजन मागे आहे. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याने गाडीच्या हुकवर खाली दाब द्यायला हवा. युरोपात तो एकूण वजनाच्या साधारण पाच ते सात टक्के धरतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. गाडीच्या हुकला किती दाब चालतो तेही गाडीच्या पुस्तकात असतं, जो आकडा लहान तो पाळायचा. तुमची टाकी टोकाला. भरलेली असेल तर ऐंशी किलो तिथेच बसले. त्यात सायकलींचा रॅक लावलात तर मी तरी तुमच्या मागून गाडी चालवणार नाही.

वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण ट्रेलर गाडीपासून सोडून. मग घरचा वजनाचा काटा, तोच ज्यावर आपण दिवाळीनंतर उभं राहत नाही, दांड्याखाली लाकडी ठोकळा ठेवून त्यावर टेकवा. ट्रेलर सपाट हवा आणि चाकांना उटी, म्हणजे घरंगळू नये म्हणून अडसर, लावलेली हवी.

पुन्हा डोलायला लागलाच तर ब्रेक नाही, स्टिअरिंगची ओढाताण नाही. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा आणि गाडी सरळ धरून वेग आपोआप पडू द्यायचा.

आणखी एक. हुकचा गोळा किती मिलीमीटरचा आहे ते कॅलिपरने मोजा. युरोपीय ५० मिलीमीटरचा आणि अमेरिकन दोन इंचांचा, म्हणजे ५०.८. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण दोन इंचांची वाटी पन्नासच्या गोळ्यावर सैल बसते आणि घासत जाते. जुन्या ट्रेलरचं डोकं एकीकडचं आणि गाडीचा हुक दुसरीकडचा असं सर्रास असतं.

गडग्यावरचा | १६ एप्रिल, रात्री ९:१८

काका (की दादा?), तुमचे पाय कुठे आहेत?

चिऱ्याचे ट्रक जिथे तोलतात त्या काट्यावर नेला. काट्यावरचा पोरगा म्हणाला, “यात काय भरलंय, आंबे?” कागदावर रिकामं वजन ६८०. काट्यावर ९४०! टाकी अर्धी होती, पण बाकी? घरी येऊन सगळी कपाटं उपसली. आधीच्या मालकाचा बिडाचा तवा, दोन कार बॅटऱ्या (दोन्ही मेलेल्या), फरशीचे उरलेले तुकडे, एक पाटा. वरवंटा नाही, नुसता पाटा. हे सगळं मागच्या पलंगाखाली.

दांड्यावरचं वजन भरलं बावीस किलो. नऊशे चाळीसला बावीस!

टाकी रिकामी करून, पाटाबिटा काढून, हत्यारांची पेटी आणि स्टेपनी पुढे आणल्यावर एकूण ७९० आणि दांड्यावर ५८. म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास. काल हातखंब्यापर्यंत जाऊन आलो. साठला गप्प, सत्तरला गप्प, त्यापुढे जायची हौस फिटली. सायकल रॅक रद्द. पाटा आईने ठेवून घेतला.

आमसूल | १६ एप्रिल, रात्री ९:२५

पाटा!!! :))

ट्रॉलीवाला | १७ एप्रिल, सकाळी ७:०२

आमचं वर्कशॉप आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतो. साहेब, चार वर्षांत दोनदाच फिरला म्हणालात, मग बेअरिंग बघितली का? उभी गाडी जास्त सडते. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. खरखर ऐकू आली किंवा वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर हब खोलायचाच. आणि जॅक चिऱ्यावर टेकवू नका. चिरा ठिसूळ, कोपरा निघाला की जॅक कलंडतो. फणसाच्या किंवा आइनाच्या लाकडाचा ठोकळा घ्या.

टायरवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसते म्हणून फसू नका. सहा-सात वर्षं झाली असली तर बदला.

गडग्यावरचा | २१ एप्रिल, रात्री १०:४०

टायर ‘३११६’. म्हणजे २०१६ सालचा एकतिसावा आठवडा. दोन्ही बदलले, स्टेपनीसकट तीन.

बेअरिंगचं सविस्तर लिहितो, कारण मी आयुष्यात पहिल्यांदा हब खोललाय आणि बायको सोडून कुणाला ऐकवणार?

आमच्या वाडीतल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, “ही ट्रॉलीच की, वर घर बांधलंय.” हबची टोपी ठोकून काढली, स्प्लिट पिन सरळ करून ओढली, नट सोडला आणि बाहेरचं बेअरिंग हातावर घेतलं. ग्रीसचा रंग दुधाच्या चहासारखा. मिस्त्रींनी चिमटीत चोळून दाखवलं, पांढुरकं, चिकटपणाच नाही. पाणी शिरलं की ग्रीस असं होतं म्हणे. रॉकेलमध्ये धुतल्यावर एका रोलरवर नखाएवढा गंजाचा डाग दिसला. मी म्हटलं, पुसून चालेल का. ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. दोन्ही बाजूंची बेअरिंगं, बाहेरच्या वाट्या आणि मागचे सील नवीन.

नवीन बेअरिंगमध्ये ग्रीस भरायची पद्धत मला फार आवडली. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कडा त्यात दाबत ओढायची, पलीकडून रोलरांच्या फटींतून शेवेसारखं ग्रीस बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुन्हा. नट आधी चाक फिरवत घट्ट आवळला, मग सैल सोडला, मग नुसत्या बोटांनी टेकवून नवी पिन घातली. मी विचारलं, एवढा सैल? म्हणाले, “आवळलात तर जळतो. कोमट लागला पाहिजे, चटका नको.” आता कुठेही थांबलो की आधी हबला हात लावून बघतो. चाकाचे नट साठ-सत्तर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळून घेतले, दोन खरंच थोडे फिरले.

वेंगुर्लेकार | २२ एप्रिल, दुपारी १:१५

ह्या बरा केलास. आता माजा ऐका. गाडी माडाखाली लावू नकात. आमच्या पावण्यान सावली बगून लावल्यान, रातचो सुको नारळ पडलो, टपाक भोक. खारो वारो लोखाण वर्साभरात खाता, माड एका रातीत खाता.

आनी दर्यावरसून इलास की गोड्या पाण्यान खालसून धुवा. वरसून सगळेच धुतत. दार वाऱ्याच्या तोंडार उघडू नकात, बिजागरेसकट उपटता.

तिरपागडा | २२ एप्रिल, दुपारी १:५०

खालून सरळ काळं तेल मारा. जुनं इंजिन ऑइल, फुकट मिळतं, ट्रकवाले पिढ्यानपिढ्या मारतात.

ट्रॉलीवाला | २२ एप्रिल, संध्या. ६:३०

तिरपागडे साहेब, ट्रकला मारतात ते स्प्रिंगच्या पाट्यांना मारतात. याच्या अ‍ॅक्सलला रबर आहे, वायरिंग आहे, ब्रेकच्या केबली आहेत. काळ्या तेलाने रबर फुगतं. शिवाय तेच पहिल्या पावसात अंगणात आणि अंगणातून विहिरीत. तारेच्या ब्रशने गंज काढा, झिंक प्रायमर, वर रंग. जिथे ब्रश जात नाही तिथे मेणासारखं अंडरकोटिंग येतं त्याचा फवारा. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात लोखंडी स्क्रू घातलेले असतील तर बघा, खाऱ्या हवेत ते एकमेकांना खातात. ३१६ चं स्टेनलेस मिळालं तर उत्तम, आणि मध्ये प्लास्टिकचा वॉशर.

होडीवाला | २२ एप्रिल, रात्री ८:०५

आमच्याकडे लाकडी होडीला काजूच्या टरफलाचं तेल लावत. तुमच्या ट्रेलरला सांगत नाही, हाताची कातडी सोलून निघते. पण आठवलं.

पाणचक्की | २३ एप्रिल, रात्री ११:२०

गडग्यावरचे दादा, विजेचं मी सांगते, नोकरीच ती आहे.

एसी विसरा. एक टनाचा एसी साधारण एक किलोवॉट खातो. शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा किलोवॉट-तास. एक तास थंड हवा आणि मग अंधार. शिवाय टपावर तीस-चाळीस किलो, आत्ताच तर पाटा काढलात. गावी विजेच्या जोडणीवर राहणार असाल तेवढाच तो उपयोगाचा.

हिशोब पंख्याचा करा. बारा व्होल्टचे दोन पंखे, वीस-वीस वॅटचे, रात्रभर आठ तास, म्हणजे ३२० वॅट-तास. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ४०० ते ५००. दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप मिळून शंभर. एकूण नऊशेच्या आसपास. दोनशे वॅटचं सोलर पॅनेल डिसेंबर-जानेवारीच्या स्वच्छ उन्हात एवढं जवळजवळ भरून काढतं, पण गाडी सावलीत लावलीत तर नाही. आणि माडाच्या एका झावळीची सावलीसुद्धा पॅनेल लंगडं करायला पुरते. म्हणजे वेंगुर्लेकारांचा सल्ला दोन्ही बाजूंनी बरोबर.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी घेतलीत तर निम्म्याच्या खाली उतरवू नका. भार काढून थोडा वेळ थांबून मोजल्यावर १२.६ च्या पुढे म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. प्रत्येक वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. आणि कुणाच्या पडवीतून वीज घेणार असाल तर ट्रेलरमध्ये ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) हवाच. उन्हाळ्यात कातळावरचं अर्थिंग बेभरवशाचं असतं, त्याच्यावर जीव टाकू नका. दोन पिनांची वायर पडवीतून ओढलीत तर मी इथून येऊन तोडेन.

गडग्यावरचा | २४ एप्रिल, सकाळी ८:४५

ताई, ती वायर काल रात्रीच तोडली. खरंच दोन पिनांची होती.

एसी रद्द. टीव्ही बायकोने रद्द केला. पडदे झाले.

गॅसचं एक सांगा. शेगडी पेटवली की पिवळी जीभ निघते, भांडी काळी होतात. रेग्युलेटर बदलला, पाच किलोचा छोटा सिलिंडर नवा आहे. तरी तेच.

ट्रॉलीवाला | २४ एप्रिल, सकाळी ९:३०

बर्नरच्या नळीत बघा. कुंभारीण माशी.

गडग्यावरचा | २४ एप्रिल, दुपारी १२:१०

मान गये. बर्नरच्या हवेच्या नळीत मातीचं घरटं, तांदळाच्या दाण्याएवढ्या कोशांसह, आत मेलेले कोळी भरून ठेवलेले. आणि तेवढ्यावर भागलं नाही. जमिनीलगत गॅस बाहेर जायचं जे भोक असतं, तेही तिने लिंपून टाकलं होतं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर खालीच साठणार, आणि वाट बंद! दोन्ही साफ केली, बारीक पितळी जाळी लावली. सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले, एका ठिकाणी फुगे आले, नळी बदलली. ज्वाला आता निळी.

उत्तरसमुद्र | २५ एप्रिल, पहाटे २:५५

आता छत. वर चढून (फळी टाकून, थेट पाय देऊ नका) प्रत्येक सांधा, खिडकीची चौकट, हवेचं झाकण बघा. आतून कोपऱ्यातलं प्लाय अंगठ्याने दाबा. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं दबलं तर पाणी आत शिरलंय.

आणि हात जोडून सांगतो, सिलिकॉन लावू नका. एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर पुढे काहीच धड चिकटत नाही. पट्टी काढा, जुनं सगळं खरवडा, ब्यूटाइलची (चिकट रबरासारखी) टेप घाला, पट्टी परत बसवून स्क्रू आवळा, बाहेर येईल ते कापून टाका.

गडग्यावरचा | ३ मे, रात्री ९:५०

आधीच्या मालकाने छतावर सिलिकॉनच्या तीन ट्यूब रिकाम्या केल्या होत्या. खरवडायला चार दिवस गेले, आंब्याच्या दिवसांत! मागचा उजवा कोपरा बिस्किटासारखाच दबला. दीड फूट प्लाय कापून नवीन मरीन प्लाय घातलं. उन्हात कोपरा आठवडाभर उघडा ठेवून वाळवला, मगच बंद केला.

गडग्यावरचा | १२ मे, रात्री १०:३०

पहिली खरी सहल झाली! जयगडला जंगल जेटीत (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत) चढवून तवसाळला उतरलो, हेदवी, वेळणेश्वर, दोन रात्री. रात्री पंखा, सकाळी दारातून समुद्र, बायको खूश. आता गाढवपणा सांगतो.

उतरताना ओहोटी होती. फेरीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यामध्ये बाहेरच्या बाजूने चांगलाच चढ तयार झालेला. गाडी वर गेली, ट्रेलरची चाकं वर गेली आणि मागून ‘खर्रर्र’. मागचा डावा स्टँड फळीला घासून वाकला. फेरीवाल्या पोराने आधीच हाताने “हळू, हळू” केलं होतं, मला वाटलं तो मागच्या रिक्षाला सांगतोय. पुढचं छोटं चाकही मी पुरेसं वर घेतलं नव्हतं, ते दोन इंचांनी वाचलं.

शिवाय वेळणेश्वरच्या एका पाणंदीत शिरलो आणि समोरून एसटी. ट्रेलर मागे घेताना गडगा उजवीकडे आणि मी गडग्यावरचा! गावातल्या एका आजोबांनी एसटीलाच मागे घ्यायला लावलं.

होडीवाला | १३ मे, सकाळी ६:२०

भरती बघून जा. पाणी चढलेलं असलं की फळी जवळजवळ आडवी पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही जास्त खोल जाते, त्या दिवशी पहाटे-संध्याकाळी तर नकोच. आणि पुळणीवर नेऊ नका, लोक गाड्या घालतात आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरतात, तोवर पाणी येतं.

उत्तरसमुद्र | १३ मे, दुपारी ४:१०

मागे घेताना स्टिअरिंग खालून धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरचं शेपूट जातं. मोकळ्या मैदानात दोन नारळ ठेवून तासभर सराव करा. बायकोला मागे उभं करायचं, पण आधी खुणा ठरवून घ्या, नाहीतर ती शिकवणी महागात जाते. अनुभव आहे.

आमसूल | १३ मे, दुपारी ४:३०

सांडपाण्याचं काय केलंत? सगळे तिथेच गप्प असतात.

गडग्यावरचा | १३ मे, रात्री ९:००

भांड्यांचं पाणी वीस लिटरच्या कॅनमध्ये. संडास कॅसेटवाला, म्हणजे खालची टाकी काढून नेता येते असा. दोन्ही घरी आणून, कॅन शोषखड्ड्यात, कॅसेट आपल्या संडासात. जिथे उतरलो होतो तिथल्या विहिरीजवळ काही ओतलं नाही. आपल्याकडे त्यासाठी सोय नसतेच. कॅराव्हॅन पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२१ सालीच आलंय, पण मला त्या वाटेवर कॅसेट रिकामी करायची एकही जागा दिसली नाही.

होडीवाला | २८ मे, संध्या. ७:४५

आता पावसाचं. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढतात. आम्ही होडी झापांखाली ठेवतो, पण झाप अंगाला टेकू देत नाही, आणि दोन्ही टोकं उघडी ठेवतो. बंद केली की आतून कुजते. तुमच्या पेटाऱ्यालाही तसंच करा.

तिरपागडा | २८ मे, रात्री ८:३०

म्हणजे निळी ताडपत्री नको?

होडीवाला | २८ मे, रात्री ८:३३

निळी ताडपत्री नकोच. वाऱ्याने फडफडून रंग घासते आणि खाली घाम धरते.

गडग्यावरचा | ४ जून, रात्री १०:१५

काल पेटारा झोपवला. जांभ्याच्या फरसावर, माडांपासून लांब, बांबूच्या मांडवाखाली, वर पत्रे, बाजू उघड्या. छतापासून पत्र्यापर्यंत दोन फूट. नाक जरा वर, म्हणजे पाणी मागे वाहून जाईल. चाकं फळ्यांवर, उटी लावून हँडब्रेक सोडलेला, कारण लावून ठेवला तर लायनर ड्रमला चिकटतात असं मिस्त्री म्हणाले. टाकी, पंप, नळ पूर्ण रिकामे. गाद्या घरात माळ्यावर. कपाटांची दारं उघडी. सिलिंडर काढून बाहेर. बॅटरी घरात, दर महिन्याला चार्ज. आत ओल शोषायला कॅल्शियम क्लोराइडचे तीन डबे. झाकणाची हवेची जाळी उघडी. आईने दारावर आंब्याचा टाळा लावला, तो विज्ञानात बसत नाही पण राहू द्या.

वेंगुर्लेकार | ४ जून, रात्री १०:४०

उंदरांचा काय?

गडग्यावरचा | ४ जून, रात्री १०:४४

अरे देवा. वायरींची भोकं! उद्या स्टीलवूल कोंबतो.

गडग्यावरचा | १९ ऑगस्ट, सकाळी ११:०५

आज उघडीप होती म्हणून दार उघडलं. तीन डबे मिळून अडीच लिटर पाणी! बुरशी फक्त सिंकखाली, तळहाताएवढी, पुसली. नवा कोपरा अंगठ्याने दाबला, कडक. हब हाताने फिरवले, आवाज नाही. मांडवाचा एक पत्रा उडाला होता, तो शेजाऱ्यांच्या पोफळीत सापडला.

उंदीर नाही. पण ओट्याच्या खणात मांजरीने तीन पिल्लं घातलीत. आत कुठून शिरली कळत नाही, सगळी भोकं बंद आहेत. आई म्हणते, त्यांचे डोळे उघडेपर्यंत पेटारा हलवायचा नाही.

आमसूल | १९ ऑगस्ट, सकाळी ११:०९

आता तरी फोटो टाका!

पाणचक्की | १९ ऑगस्ट, सकाळी ११:३०

दादा, हवेची जाळी उघडी ठेवलेलीत ना? तीच.